कोशकार मेजर कँडी

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकांत दरवर्षीं एका तरी कीर्तिमान् पुरुषाचें चरित्र देण्याची वहिवाट आहे. बहुधा राजे, सेनापति, संशोधक आणि समाजसुधारक यांच्याकडेच आमचें लक्ष जातें. यंदा आम्हीं एका कोशकाराची निवड केली, याचें कारण आमच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधाच्या वह्यांत आहे. धाकट्या भावाच्या व्रात्यपणाचें वर्णन करितांना विद्यार्थी मनांत म्हणतो कीं, भाऊ ऐकत नाहीं. आणि कागदावर हिअर हें क्रियापद घालून मोकळा होतो. वाचणारा इंग्रज असेल तर तो त्या मुलास बहिरा समजून हळहळेल. कानावर आवाज पडणें, लक्ष देऊन तो घेणें आणि सांगितलेलें मानणें, या तिन्ही गोष्टी मराठीच्या एका ऐकण्यांत सुखानें नांदतात. इंग्रजींत त्यांच्यासाठीं हिअर, लिसन आणि ओबे अशीं तीन निराळीं क्रियापदें आहेत, आणि एकाचें काम दुसरें करीत नाहीं. शिकणें आणि शिकविणें यांत आमची भाषा केवळ एका अक्षराचा फरक करिते, म्हणून लर्न आणि टीच यांची अदलाबदल वर्गांत रोज होते. हल्लीं खिशांतल्या यंत्रावर बोट फिरविलें कीं शब्दाचा अर्थ समोर उभा राहतो, तरी ही अदलाबदल कमी झालेली आम्हांस दिसत नाहीं. कारण यंत्र शब्द देतें, पण दोन शब्दांमधलें अंतर दाखवीत नाहीं.

तें अंतर दाखविण्याचें काम मराठी माणसासाठीं प्रथम ज्यांनीं मोठ्या प्रमाणावर केलें, ते मेजर थॉमस कँडी. त्यांचें नांव बहुधा मोल्सवर्थसाहेबांच्या नांवामागें, जोडनांवासारखें घेतलें जातें. तें तसें घेतलें जाणें अगदींच चूक नाहीं, पण अपुरें आहे.

कँडीसाहेबांचा जन्म इंग्लंडांत १३ डिसेंबर १८०४ रोजीं झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. ऑक्सफर्ड येथें कांहीं शिक्षण झाल्यावर १८२२ सालीं दोघे भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांत नोकरीसाठीं मुंबई इलाख्यांत आले. वय सतरा वर्षांचें, म्हणजे आमच्या शाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांएवढें. पेशवाई बुडून तेव्हां अवघीं चार वर्षें झालीं होतीं. खानदेशही १८१८ सालींच कंपनीच्या हातीं आला होता, आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनीं धुळें हें जिल्ह्याचें मुख्य ठाणें केलें होतें. जिंकलेला मुलूख मोठा, त्यांतील कागदपत्र मोडींत, आणि फिर्यादी सांगणारे लोक मराठी, अहिराणी, भिल्ली बोलणारे. ज्या अंमलदारास रयतेची भाषा येत नव्हती, त्यास कारकुनाच्या तोंडाकडे पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आणि कारकून सांगेल तोच न्याय होई. म्हणून देशी भाषेची परीक्षा देणाऱ्या सैनिकी अंमलदारांस पलटणीच्या दुभाष्याची जागा मिळे. कँडीसाहेब आपल्या पलटणींत क्वार्टरमास्तर आणि दुभाषे झाले. एका हातीं पलटणीच्या सामानसुमानाचा हिशेब आणि दुसऱ्या हातीं दोन भाषांचा, अशी ही जोडजागा होती. आम्हांस असें वाटतें कीं, पुढें कोशाच्या कामीं जी टापटीप त्यांनीं दाखविली, तिची पहिली तालीम येथेंच झाली असावी.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे वयानें त्यांच्याहून नऊ वर्षांनीं मोठे. तेही अगदीं कोंवळ्या वयांत कंपनीच्या फौजेंत आलेले. सोलापूर येथें असतां मराठी शब्द टिपून ठेवण्याचा छंद त्यांस लागला, आणि त्या छंदांतून सरकारी कोशाची योजना निघाली. जेम्स औट्रम यांनीं १८२५ सालीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला. त्याच सुमारास मुंबईस मोल्सवर्थ आणि दोघे कँडीबंधु शब्दांची पलटण जमवूं लागले होते. त्यांच्या सोबतीस विद्वान् शास्त्र्यांचें मंडळ होतें. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले हीं त्यांचीं नांवें. या पंडितांचा मराठींतून मराठींत अर्थ देणारा कोश १८२९ सालीं छापून निघाला, आणि १८३१ सालीं मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. त्यांत सुमारें ४०,००० शब्द होते. बाजारांतले, शेतांतले, चुलीपुढचे, सोंवळ्यांतले आणि शिवीगाळींतले सुद्धां शब्द त्यांत घेतले होते. कोणता शब्द संस्कृतांतून आला, कोणता फारसींतून वा अरबींतून आला, हें एकेका अक्षराच्या खुणेनें दाखविलें होतें. साहेबांच्या कोशांत शास्त्र्यांचे किती श्रम जिरले, हें ग्रंथाच्या पाठीवर दिसत नाहीं. पण त्या पंडितांवांचून हा ग्रंथ झाला नसता, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

येथवर कँडीसाहेब मदतनीस होते. खरा कस पुढें लागला. मराठींतून इंग्रजींत जाणारा कोश झाल्यावर त्याच मंडळीनें १८३१ पासून इंग्रजींतून मराठींत येणारा कोश हातीं घेतला. वरवर पाहतां हें काम सोपें वाटतें. पिशवी उलटी केली कीं झालें. परंतु भाषा ही पिशवी नव्हे. आमच्या खानदेशांतलेंच उदाहरण घ्या. इंग्रजींत कॉटन म्हटलें म्हणजे शेतांतलें झाडही कॉटन, बोंडांतून वेंचलेला मालही कॉटन, गिरणींतून सरकी काढून निघालेला मालही कॉटन, शिंप्याच्या रिळावरचा धागाही कॉटन आणि अंगांतला सदराही कॉटन. आमचा शेतकरी असें बोलूं लागला तर व्यापारी त्यास दिवसाढवळ्यां फसवील. तो शेतांत कपाशी लावितो, घरीं कापूस आणितो, जिनिंगच्या कारखान्यांत त्याची रुई आणि सरकी वेगळी होते, आणि पुढें रुईचें सूत निघतें. प्रत्येक शब्दास वेगळा भाव आहे, आणि तो भाव बाजारांत रुपयांनीं मोजला जातो. आतां कोशकारानें कॉटन या शब्दापुढें काय लिहावें? एकच शब्द लिहिला तर चार ठिकाणीं तो खोटा ठरेल. सगळे लिहिले आणि फरक सांगितला नाहीं, तर वाचकाची फसगत होईल. तांदूळ, भात आणि साळ यांची राइसपुढें हीच गर्दी होते, आणि काका, मामा, मावसा यांची अंकलपुढें.

उलट बाजूही तितकीच अवघड. हातापायांच्या वीसही अवयवांस आम्ही बोटेंच म्हणतों. इंग्रज हाताच्या बोटास फिंगर आणि पायाच्या बोटास टो म्हणतो. साळी मागावर कापड विणतो आणि आई सुयांवर लोकरीचा मोजा विणते. इंग्रजींत पहिलें वीव्ह, दुसरें निट. मुलगा या शब्दानें आम्ही कोणताही पोरगा दाखवितों आणि पोटचा पुत्रही दाखवितों. इंग्रजींत बॉय आणि सन यांत गल्लत करितां येत नाहीं. याबाबतींत आमची अहिराणी, शिष्ट मराठीपेक्षां चोख आहे. तिच्यांत आंडोर म्हटलें कीं पोटचा मुलगा हें सांगावें लागत नाहीं. घरीं अहिराणी बोलणारे जे विद्यार्थी वर्गांत ती बोलण्यास संकोचतात, त्यांनीं या एका शब्दाकडे जरूर पाहावें. परवा हा आमचा शब्द तर दोन्हीकडे चालतो. काल गेलेल्याच्या मागचा दिवसही परवा, आणि उद्यां येणाऱ्याच्या पुढचा दिवसही परवा. गेला कीं येणार, हें क्रियापदावरून ओळखावयाचें. इंग्रजीस यासाठीं दोन वेगळ्या लांबलचक शब्दसंहति जुळवाव्या लागतात.

सर्वांत मौजेचा प्रकार उसनवारीचा. बॉरो आणि लेंड यांत आमच्या मुलांची नेहमीं चूक होते, आणि शिक्षक फळ्यावर लिहितात कीं, घेणें तें बॉरो, देणें तें लेंड. हें बरोबर आहे, पण तेवढ्यानें भागत नाहीं. शेजारणीकडून वाटीभर ज्वारीचें पीठ आणिलें तर तें उसनें. कारण परत करावयाचें तें तेंच पीठ नव्हे, तितकेंच दुसरें. शेजाऱ्याकडून शिडी आणिली तर ती मागून आणिलेली. परत करावयाची ती तीच शिडी. कोणी शिडी उसनी आणिली असें म्हटलें तर आमच्याकडची म्हातारी माणसें हंसतील. इंग्रज मात्र पीठ आणि शिडी दोन्ही बॉरो करितो. म्हणजे देणें-घेणें यांचा भेद इंग्रजीनें स्वतंत्र शब्दांनीं केला, आणि तीच वस्तु कीं तितकी वस्तु हा भेद मराठीनें केला. दोन्ही भाषा शहाण्याच. पण त्यांचा शहाणपणा एका ठिकाणीं नाहीं. कोशकाराचें काम हें कीं, एकीचा शहाणपणा दुसरीस समजावून द्यावा.

असल्या शेंकडों गांठी सोडवीत काम चाललें असतां १८३६ च्या सुमारास मोल्सवर्थसाहेबांची प्रकृति ढासळली, आणि त्यांस इंग्लंडास परतावें लागलें. सैनिकाचा व्यवसाय आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशीं जुळत नाहीं असें मनानें घेतल्यामुळें त्यांनीं सैन्याची नोकरी तर सोडूनच दिली. जुळे भाऊ जॉर्ज यांनींही सैन्य सोडलें, आणि ते पाद्री झाले. अर्धा झालेला कोश आणि शास्त्र्यांचें मंडळ यांचा भार थॉमस कँडी यांच्यावर आला. ते काम अंगावेगळें करूं शकले असते. तसें त्यांनीं केलें नाहीं, आणि १८४७ पर्यंत, म्हणजे आरंभापासून सोळा वर्षें, तें रेटून पुरें केलें. मुखपृष्ठावर मात्र त्यांनीं आरंभ करणारे म्हणून मोल्सवर्थ यांचें नांव ठेविलें आणि शेवटास नेणारे म्हणून आपलें. मोल्सवर्थ हजारों मैलांवर होते. त्यांचें नांव गाळलें असतें तर मुंबईंत विचारणारें कोण होतें?

या सोळांपैकीं बरींच वर्षें कँडीसाहेबांचें ठिकाण पुणें होतें. दुसऱ्या बाजीरावानें बांधिलेल्या विश्रामबाग वाड्यांत १८२१ सालीं सरकारनें संस्कृत पाठशाळा स्थापन केली होती. १८३७ सालीं तिची देखरेख कँडीसाहेबांकडे आली. वेद, न्याय, व्याकरण आणि ज्योतिष शिकविणाऱ्या शास्त्र्यांवर एक गोरा कॅप्टन अधिकारी, हा देखावा कल्पनेनें पाहण्यासारखा आहे. परंतु कोशकारास याहून चांगली जागा मिळणें कठीण होतें. वाड्याच्या एका दालनांत संस्कृताचे गाढे पंडित, आणि वाड्याबाहेर बुधवारांतला बाजार. ग्रंथांतला शब्द आंत विचारावा, रस्त्यावरचा बाहेर ऐकावा. १८५१ सालीं ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें, आणि कँडीसाहेब त्याचे मुख्य झाले. याच संस्थेपासून पुढें डेक्कन कॉलेज निघालें. पाठशाळेंत त्यांच्या हाताखालीं जे विद्यार्थी तयार झाले, त्यांत कृष्णशास्त्री चिपळूणकर होते, ज्यांनीं पुढें अरबी भाषेंतील सुरस गोष्टी मराठींत आणिल्या.

इंग्रजी शब्दांतील सूक्ष्म भेद परकीयांसच छळतात असें नाहीं. खुद्द इंग्रजांसही ते लिहून काढावे लागले. डॉक्टर जॉन्सन यांचा मोठा कोश १७५५ सालीं निघाला, त्यांत शब्दांचे अर्थ होते. परंतु जवळजवळ सारख्या शब्दांपैकीं कोणता कोठें वापरावा, यासाठीं वेगळें पुस्तक प्रथम लिहिणाऱ्या इंग्रजांत जॉन्सन यांची स्नेही हेस्टर पिओत्सी ही बाई होती. तिनें एका इटालियन गवयाशीं लग्न केलें होतें, आणि तिच्या घरीं परदेशी माणसांची ये-जा असे. त्यांच्या बोलण्यांतल्या गमती ऐकूनच तिनें १७९४ सालीं आपलें पुस्तक काढिलें असावें. नंतर १८१६ सालीं जॉर्ज क्रॅब यांचें पुस्तक आलें, आणि कँडीसाहेबांच्या कोशानंतर पांच वर्षांनीं, १८५२ सालीं, वैद्यकीचा धंदा केलेल्या रॉजे यांचा प्रसिद्ध शब्दसंग्रह आला. म्हणजे इंग्लंडांत इंग्रज ज्या शब्दांचीं कुळें लावीत होते, त्याच काळांत पुण्यांत एक इंग्रज त्याच शब्दांशीं मराठी शब्दांच्या सोयरिकी जुळवीत होता.

एन्व्ही आणि जेलसी या दोन शब्दांचें पाहा. दोन्हींपुढें आमचीं मुलें मत्सर लिहितात. दुसऱ्याजवळ आहे तें आपल्याजवळ नाहीं, याची जळजळ म्हणजे एन्व्ही. आपल्याजवळ आहे तें दुसरा नेईल, याची धास्ती म्हणजे जेलसी. शेजाऱ्याच्या विहिरीस पाणी लागलें म्हणून झोंप न येणें हें पहिलें, आणि गुरुजींचें लक्ष आपल्यावरून नव्या विद्यार्थ्याकडे वळेल म्हणून त्याच्याशीं अबोला धरणें हें दुसरें. हेवा हा आपला घरगुती शब्द पहिल्याच्या फार जवळ जातो. मत्सरास मात्र दोन्ही घरें मोकळीं आहेत. कँडीसाहेबांच्या कोशाचें वैशिष्ट्य हें कीं, एका इंग्रजी शब्दापुढें एक मराठी शब्द टाकून ते पुढें जात नाहींत. अर्थागणिक मराठी शब्दांचे पुंजकेच्या पुंजके मांडितात, संस्कृत, फारसी आणि गांवठी शेजारीं शेजारीं. ज्यास घाई आहे त्यास हा कोश कंटाळवाणा वाटेल. आमच्या मतें हा कोश घाई असतां उघडूंच नये.

कोश संपल्यावर हा गृहस्थ स्वस्थ बसला नाहीं. १८५० सालीं त्यांनीं विरामचिन्हांची परिभाषा या नांवाचें लहानसें पुस्तक काढिलें. आज आमचा दुसरींतला मुलगाही पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह ओळखतो, म्हणून त्यांत काय मोठें असें वाटेल. पण जुन्या मराठी लेखनांत दंडावांचून दुसरें चिन्ह जवळजवळ नव्हतें, आणि मोडीचे कागद तर शब्द न तोडतां एका ओळींत सलग लिहीत. कोठें थांबावें तें वाचणाऱ्याच्या श्वासावर. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह हीं मराठी छापील मजकुरांत रुजविण्याचें श्रेय कँडीसाहेबांस दिलें जातें, आणि तें योग्यच आहे. शब्दाशब्दांतील अंतर पाहणाऱ्या माणसास वाक्यावाक्यांतील अंतरही दिसूं लागलें.

पुढें ते सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळांसाठीं होणारीं मराठी पुस्तकें त्यांच्या नजरेखालून जाऊं लागलीं. परशुरामपंत गोडबोले येथेंही त्यांच्या बरोबर होते. नवनीत या काव्यसंग्रहामुळें ज्यांचें नांव घरोघर झालें तेच हे पंत. या काळाविषयीं मात्र सगळीकडे चांगलें बोललें जात नाहीं. महाराष्ट्रांतील एवढ्या लेखकांच्या वाक्यांवर एका परकी माणसानें लेखणी फिरवावी, हें पुष्कळांस खुपलें. सगळीं पुस्तकें एकाच चाळणींतून गेल्यामुळें त्यांची भाषा स्वच्छ झाली, पण बेचव झाली, वाक्यांचे सांधे इंग्रजी वळणाचे झाले, असा आक्षेप होता. कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं १८७४ सालीं निबंधमाला सुरू केली, तेव्हां मराठीच्या तत्कालीन स्थितीवरच त्यांनीं पहिला हल्ला चढविला. बापानें ज्या पाठशाळेंत विद्या घेतली, तेथून निघालेल्या वळणाविरुद्ध मुलगा उभा राहिला, असा हा योग आहे. आम्हांस स्वतःस असें वाटतें कीं, आक्षेपांत बरेंच तथ्य होतें. कोशकारास जें शोभतें तें सगळेंच लेखकास शोभत नाहीं. शब्द तोलून वापरणें ही एक गोष्ट आहे, आणि सगळ्यांनीं एकाच तागडींत तोलावें हा आग्रह दुसरी. तरी ज्यांनीं हे आक्षेप घेतले, त्यांच्या मेजावरही मोल्सवर्थ-कँडींचे कोश होते, आणि आक्षेपाचीं वाक्यें कँडीसाहेबांच्याच विरामचिन्हांनीं तोडलेलीं होतीं.

शब्दांतील अंतर जेथें केवळ शोभेचें राहत नाहीं, अशा एका कामाकडे आतां वळूं. १८६० सालीं इंडियन पीनल कोड मंजूर झाला, आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आला. फिर्याद, आरोप आणि शिक्षा यांचे सगळे शब्द त्यांत इंग्रजींत बांधलेले. ज्यांस ती शिक्षा व्हावयाची ते लोक मराठी बोलणारे. या कायद्याचें मराठी भाषांतर कँडीसाहेबांनीं केलें. येथें एक शब्द सैल पडला तर परीक्षेंतला एक गुण जात नव्हता. माणसाचीं दहा वर्षें जात होतीं, किंवा माणूसच जात होता.

आमचे विद्यार्थी थेफ्ट, रॉबरी आणि डकॉइटी या तिहींस चोरीच म्हणतात. कायद्यानें त्यांत भिंती घातल्या. धन्याच्या संमतीवांचून, अप्रामाणिकपणें त्याची जंगम वस्तु हलविली म्हणजे थेफ्ट. येथें जंगम हा शब्द महत्त्वाचा, कारण झाड जमिनींत उभें आहे तोंवर तें चोरीचा विषय होत नाहीं, कुऱ्हाडीनें तुटलें कीं होतें. चोरी करितांना मारलें, अडविलें, किंवा तत्काळ मारण्याचें भय घातलें, तर ती रॉबरी. हल्लींचे कायद्याचे मराठी ग्रंथ हिला जबरी चोरी म्हणतात. आणि असे पांच किंवा अधिक जण मिळून आले तर तो दरोडा. चारजण आले तर दरोडा नव्हे, पांचवा आला कीं दरोडा; आणि त्या पांचव्या माणसाच्या येण्यानें पहिल्या चौघांची शिक्षा जन्मठेपेपर्यंत चढते. डकॉइटी हा शब्द इंग्रजानें आमच्याच डाक्यावरून घेतला, हें येथें सांगण्यासारखें आहे. कोणत्या इंग्रजी शब्दापुढें कोणता मराठी शब्द लावावा असा प्रश्न येथें नव्हताच. आमचाच शब्द साहेबी पोशाख करून परत आला होता, आणि कमरेला पांच हा आंकडा बांधून आला होता.

मारामारीचेंही तसेंच. बाजारांत दोघांचें भांडण झालें, एकानें काठी उगारली, पण मारली नाहीं. आम्ही म्हणूं कीं, कांहींच झालें नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें ज्याच्यावर काठी उगारली त्यास आतां ती बसणार असें भय वाटलें, तर असॉल्ट तेथेंच पुरा झाला. आमच्या बोलींत याला अंगावर जाणें म्हणतात, आणि हा वाक्प्रचार त्या इंग्रजी शब्दाला जितका बसतो तितका हल्ला हा शब्दही बसत नाहीं. काठी बसून दुखलें तर तो हर्ट, आणि तिनें हाड मोडलें किंवा दांत पडला तर तो ग्रीव्हस हर्ट. मारहाण या एका मराठी शब्दांत हें सगळें गडप होऊन जातें. याहून कठीण भेद मनुष्यवधाचा. प्रत्येक खून हा मनुष्यवध असतो, पण प्रत्येक मनुष्यवध खून नसतो. मारणाऱ्याच्या मनांत काय होतें यावर सारा भार. हेतु हा शब्दही तेथें दगा देतो. पैशासाठीं मारलें, तर पैसा हा मोटिव्ह. मारावयाचेंच होतें, हें इन्टेन्शन. मराठींत दोहोंस सर्रास हेतु म्हणतात, आणि न्यायालयांत मात्र पहिला हेतु सिद्ध न होतांही दुसऱ्यावरून माणूस दोषी ठरूं शकतो. ज्यानें सोळा वर्षें असल्याच जोड्या पारखण्यांत घालविलीं, त्याच्या हातीं हें भाषांतर पडलें, हें या मुलुखाचें नशीब म्हणावयाचें. तो कायदा पुढें पुष्कळ दुरुस्त्या होत होत ३० जून २०२४ पर्यंत चालला. त्याच्या जागीं आतां भारतीय न्याय संहिता आली आहे. दरोड्याचा पांच हा आंकडा तिनेंही बदलला नाहीं.

इकडे मोल्सवर्थसाहेब १८५१ सालीं आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठीं पुन्हां हिंदुस्थानांत आले होते. तिच्या कामीं त्यांस बाबा पदमनजी यांचें साहाय्य झालें, आणि १८५७ सालीं ती सुमारें ६०,००० शब्दांसह निघाली. मराठी भाषेविषयीं डॉक्टर विल्सन यांचा निबंध तिला जोडलेला आहे. काम संपवून मोल्सवर्थ पुन्हां इंग्लंडास गेले, आणि १८७१ सालीं तेथेंच वारले. या मुलुखांतल्या लोकांनीं त्यांस कौतुकानें मोलेसरशास्त्री असें नांव दिलें होतें.

कँडीसाहेब मात्र परत गेले नाहींत. सतरा वर्षांचे असतांना आले ते इकडचेच झाले. १८७३ सालीं इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली, तेव्हां ते सत्तरीच्या घरांत होते. २६ फेब्रुवारी १८७७ रोजीं महाबळेश्वर येथें त्यांचा अंत झाला. विश्रामबाग वाडा पुण्यांत अजून उभा आहे. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १९७५ सालीं पुण्यास पुन्हां छापला गेला, आणि आतां शिकागोच्या विद्यापीठानें तो संगणकावर सर्वांस फुकट पाहावयास ठेविला आहे.